खाण तशी माती? गुन्हा रक्तात असतो की घरात घडतो



जामखेड तालुक्यातले खर्डा हे गाव शाळेच्या पुस्तकात १७९५ सालच्या मराठे-निजाम लढाईमुळे येते. आपल्या वस्त्यांमध्ये मात्र खर्डा म्हटले की २८ एप्रिल २०१४ ही तारीख आठवते. त्या दिवशी नितीन आगे या सतरा वर्षांच्या दलित विद्यार्थ्याचा जीव गेला. वरच्या म्हणवणाऱ्या जातीतल्या मुलीशी बोलतो या रागातून त्याला मारहाण करून ठार केले आणि देह झाडाला लटकवला, असा सरकार पक्षाचा खटला होता. २३ नोव्हेंबर २०१७ रोजी अहमदनगरच्या सत्र न्यायालयाने सर्व आरोपींना निर्दोष सोडले. अनेक साक्षीदार आधीच फितूर झाले होते.

आजही खर्ड्याचा विषय निघाला की विहारात बसलेली एखादी मावशी विचारतेच, "एवढ्याशा लेकरावर असा हात उचलणारी माणसं कशाची बनलेली असतात हो? जन्मतःच तशी असतात का?"

प्रश्न मनाच्या आरोग्याचा आहे, म्हणून या पानावर घेत आहोत. आपल्याकडे याची दोन उत्तरे म्हणींतच तयार आहेत. एक म्हण सांगते, खाण तशी माती. म्हणजे सगळे रक्तात. दुसरी सांगते, ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. म्हणजे सगळे संगतीत. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत शास्त्रज्ञांनी या दोन्ही म्हणी तपासून पाहिल्या. त्यातून काय निघाले, आणि आपल्या घरातल्या लेकरांसाठी त्याचा काय उपयोग, ते पाहू.

वेडा कोण, थंड काळजाचा कोण

क्रूर गुन्हा घडला की आपण लगेच म्हणतो, "सायको असणार." या एका शब्दात आपण दोन वेगळ्या गोष्टी कोंबतो. त्या आधी सोडवून घेऊ.

१९६० च्या दशकात मुंबईच्या उपनगरांत रामन राघव याने झोपड्यांत आणि फुटपाथवर झोपलेल्या गोरगरिबांचे खून केले. १९६८ साली तो पकडला गेला. डॉक्टरांनी तपासले तेव्हा त्याला स्किझोफ्रेनिया हा गंभीर मानसिक आजार असल्याचे निघाले. त्याला नसलेल्या गोष्टी खऱ्या वाटत. त्याची फाशी पुढे जन्मठेपेत बदलली आणि १९९५ साली तो आजाराने मेला. हा झाला वास्तवाचे भान सुटण्याचा आजार. येथे हेही सांगायला हवे की स्किझोफ्रेनिया झालेले बहुतेक लोक कोणाला इजा करत नाहीत. उलट त्यांनाच लोक मारतात, कोंडतात, साखळीने बांधतात.

सायकोपॅथी वेगळी. त्या माणसाला भास होत नाहीत. आपण काय करतो ते त्याला नीट कळते. कमी असते ती एकच गोष्ट, दुसऱ्याच्या दुःखाने आपले काळीज हलणे. समोरचा रडला, घाबरला, तरी आत काही हलत नाही. चूक झाल्याची खंत नाही, शिक्षेची भीती कमी, खोटे सहज बोलणार, आणि वरून बोलणे मात्र गोड. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ हर्व्ही क्लेक्ली यांनी १९४१ साली आपल्या पुस्तकात अशा माणसांचे सविस्तर वर्णन केले. पुढे कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट हेअर यांनी त्यासाठी वीस मुद्द्यांची यादी बनवली. प्रत्येक मुद्द्याला शून्य ते दोन गुण, एकूण चाळीस. तीस किंवा त्याहून जास्त गुण असतील तर सायकोपॅथी धरतात. हे गुण घरच्या माणसाने किंवा शेजाऱ्याने द्यायचे नसतात. शिकलेला तज्ज्ञ माणसाची मुलाखत घेऊन आणि जुने कागद पाहून ते देतो.

अशी माणसे साधारण शंभरात एखादी असतात, आणि त्यातलाही प्रत्येक जण गुन्हेगार होत नाही. तुरुंगात त्यांचे प्रमाण बाहेरच्यापेक्षा बरेच जास्त असते, पण तुरुंगातलेही बहुतेक कैदी सायकोपॅथ नसतात.

रक्तात काय येते

आता पहिली म्हण. रक्ताचा भाग किती, हे शोधायला शास्त्रज्ञ जुळ्या मुलांकडे जातात. एकाच गर्भाच्या दोन भागांपासून झालेली एकसारखी जुळी मुले जनुकांनी सारखी असतात. वेगळी दिसणारी जुळी मुले साध्या भावंडांइतकीच सारखी असतात. दोन्ही प्रकारची मुले एकाच घरात वाढतात. मग एखादा स्वभाव एकसारख्या जुळ्यांमध्येच जास्त जुळत असेल, तर त्यात जनुकांचा वाटा आहे असे धरता येते.

इंग्लंडमध्ये एसी व्हायडिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सात वर्षांच्या जुळ्यांच्या साडेतीन हजारांहून जास्त जोड्यांचा अभ्यास करून २००५ साली निष्कर्ष मांडले. मूल खोड्या करते, मारामारी करते, पण मागून त्याला वाईट वाटते, अशा मुलांमध्ये जनुकांचा वाटा कमी निघाला, सुमारे ३० टक्के. ज्या मुलांना मागूनही काही वाटत नाही, त्यांच्या वागण्यात तो वाटा ८० टक्क्यांच्या आसपास होता.

हा आकडा वाचून कोणी घाबरू नये, कारण त्याचा अर्थ समजून घ्यावा लागतो. खर्ड्याकडची ज्वारी डोळ्यापुढे आणा. एकच मिसळीचे बियाणे दोन मुठी घेतले. एक मूठ काळ्या रानात पेरली, दुसरी मुरमाड माळावर. काळ्या रानातली ताटे एकमेकांपेक्षा उंच-ठेंगणी झाली तर तो फरक बियाण्याचा, कारण जमीन आणि पाणी सगळ्यांना सारखेच होते. पण काळे रान आणि माळ यांच्यातला फरक पूर्णपणे जमिनीचा. ८० टक्के हा आकडा एका रानातला आहे. ज्या देशात बहुतेक मुलांना शाळा, दूध, दवाखाना मिळतो, तिथला तो आहे. एका मुलाचे ८० टक्के नशीब जन्माला येतानाच ठरले, असा त्याचा अर्थ होत नाही.

शरीरात काय दिसते? मेंदूत अमिग्डाला नावाचा बदामाएवढा भाग आहे. भीती ओळखणे, दुसऱ्याचा घाबरलेला चेहरा टिपणे हे काम त्याचे. थंड काळजाच्या माणसांमध्ये हा भाग अशा वेळी कमी जागा होतो, असे अनेक तपासण्यांत दिसले. हिंसक वागणाऱ्या पुष्कळ मुलांच्या नाडीचे ठोके विसाव्याच्या वेळी इतरांपेक्षा थोडे कमी असतात, हेही दिसले आहे. म्हणजे भीतीची घंटा हळू वाजते. पण अशीच हळू घंटा असलेली किती तरी माणसे विहिरीत उतरून माणूस वाचवतात, आगीत शिरतात. भीती कमी असणे म्हणजे गुन्हा नव्हे. त्या धाडसाला वळण कोणते लागते, हा पुढचा प्रश्न.

कोल्हापूरची आई आणि दोन मुली

महाराष्ट्रातल्या एका खटल्याने हा प्रश्न सर्वांपुढे ठेवला. अंजनाबाई गावित आणि तिच्या दोन मुली, रेणुका शिंदे आणि सीमा गावित. १९९० ते १९९६ या काळात त्यांनी लहान मुले पळवली, चोरी करताना त्यांची ढाल केली आणि त्यातल्या काहींना ठार मारले. १९९६ साली त्या पकडल्या गेल्या. आई खटला चालण्याआधीच मेली. २००१ साली कोल्हापूरच्या सत्र न्यायालयाने दोघी बहिणींना फाशी सुनावली, २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. दयेच्या अर्जाला फार उशीर झाला म्हणून जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने फाशीची जन्मठेप केली.

तेव्हा लोक म्हणत, आईचेच रक्त. पण नीट पाहा. त्या मुलींना आईकडून रक्त मिळाले, तसाच धंदाही तिच्याच हाताखाली शिकायला मिळाला. एकाच हाताने दोन्ही दिले, मग कशाने काय झाले ते वेगळे कसे काढणार? एका घरावरून ते काढताच येत नाही. म्हणून आम्ही त्या तिघींवर कोणत्याही आजाराचा शिक्का मारत नाही.

ते वेगळे काढायचे तर दत्तक मुले पाहावी लागतात. रक्त एका घरचे, वाढ दुसऱ्या घरची. डेन्मार्कमध्ये सार्नॉफ मेडनिक यांनी चौदा हजारांहून जास्त दत्तक मुलांच्या नोंदी तपासून १९८४ साली निष्कर्ष छापले. जन्मदाते गुन्हेगार असतील तर दत्तक गेलेल्या मुलात चोरीसारख्या गुन्ह्यांचा धोका थोडा वाढलेला दिसला. मारहाण, खून अशा हिंसक गुन्ह्यांचे नाते मात्र जन्मदात्यांशी जुळले नाही. अमेरिकेत २०१६ साली छापलेल्या दुसऱ्या एका अभ्यासात याहून दिलासा देणारी गोष्ट निघाली. जन्मदात्या आईचा स्वभाव समाजविघातक असेल तर मुलात थंडपणाचा धोका वाढतो. पण दत्तक आई मुलाला जवळ घेणारी, चांगल्या गोष्टीला शाबासकी देणारी असेल तर तो धोका पुसला जातो.

तिसरी साक्ष न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन या शहराची. तिथे १९७२-७३ साली जन्मलेल्या सुमारे एक हजार मुलांवर जन्मापासून लक्ष ठेवले गेले. मेंदूतली काही रसायने साफ करणारे एक जनुक आहे, त्याचे नाव एमएओए. काहींमध्ये ते जोराने काम करते, काहींमध्ये हळू. २००२ साली मुलग्यांचा निकाल आला. जनुक हळू आणि लहानपणी घरात छळ, अशी मुले मोठेपणी हिंसेकडे जास्त वळली. जनुक हळू पण घर मायेचे, ती मुले इतरांसारखीच निघाली.

दोन्ही म्हणी एकेकट्या अपुऱ्या पडल्या. रक्तात येतो तो कल. त्या कलाचे काय होणार, हे पुष्कळसे घर ठरवते.

दगड होण्याची दुसरी वाट

आणखी एक गोष्ट आपल्या वस्त्यांनी विशेष लक्षात घ्यावी. काळीज थंड दिसण्याच्या दोन वाटा आहेत. काही मुलांमध्ये भीतीची घंटाच जन्मतः हळू असते. काही मुलांची घंटा जन्मतः चांगली जोरात वाजत होती, पण रोजचा मार, शिव्या, दारू पिऊन घरात घातलेला धिंगाणा, आईला होणारी मारहाण, स्वतःवर झालेला अत्याचार, यामुळे मुलाने ती आतूनच बंद केली. फोड पुन्हा पुन्हा घासला की त्याचा घट्टा होतो, तसे हे. बाहेरून दोन्ही मुले सारखीच निगरगट्ट दिसतात. पण दुसऱ्याच्या आत भीती आणि दुःख साचलेले असते. त्याला आणखी मार दिला की घट्टा आणखी जाड होतो.

आईच्या पोटापासून

'जन्मजात' या शब्दात जनुकांखेरीज पोटातले नऊ महिनेही येतात, आणि ते आपल्या हातात आहेत.

१९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन सैन्याने हॉलंडच्या काही भागाचे अन्न तोडले. त्या दुष्काळात गरोदरपणाच्या पहिल्या सहा महिन्यांत ज्या आयांची फार उपासमार झाली, त्यांच्या मुलग्यांमध्ये समाजविघातक स्वभावाचे प्रमाण पुढे सुमारे अडीच पट निघाले. रक्त तेच होते, पोटात अन्न नव्हते.

मॉरिशस बेटावर उलट प्रयोग झाला. तीन ते पाच वर्षांच्या काही मुलांना दोन वर्षे चांगला आहार, रोजचा व्यायाम आणि चांगली बालवाडी दिली. सतराव्या वर्षी त्यांचे वर्तन बरोबरच्या इतर मुलांपेक्षा चांगले होते आणि तेविसाव्या वर्षी गुन्ह्यांचे प्रमाण कमी होते. सर्वात जास्त फायदा झाला तो सुरुवातीला कुपोषित असलेल्या मुलांना.

आपल्या भाषेत सांगायचे तर अंगणवाडीतला आहार, गरोदर बाईच्या लोहाच्या गोळ्या, तिच्या पोटाला पुरेसे अन्न आणि जीवाला शांतता, हे गुन्हा रोखण्याचेही काम आहे. गरोदरपणात दारू आणि तंबाखू, मिश्री सोडावी. जुन्या बॅटऱ्या फोडण्याचे, शिसे वितळवण्याचे काम घरात किंवा लेकरांजवळ करू नये, कारण शिसे वाढत्या मेंदूला विषासारखे आहे. मुलाच्या डोक्याला मोठा मार लागला आणि नंतर स्वभाव बदलला, तर दवाखान्यात दाखवावे.

'जन्मजात गुन्हेगार' हा शिक्का

रक्ताची गोष्ट ऐकताना आपण सावध राहायलाच हवे, कारण हा शिक्का आपल्या आजूबाजूच्या माणसांवर मारला गेला आहे. इटलीच्या सेझारे लोंब्रोसो या डॉक्टराने १८७६ साली पुस्तक लिहून सांगितले की गुन्हेगार जन्मतःच ओळखता येतो, जबड्यावरून, कपाळावरून, कानावरून. पुढे ते साफ खोटे ठरले. इंग्रज सरकारने तर त्याआधीच, १८७१ साली, गुन्हेगार जमाती कायदा आणला होता. पुढे तो आपल्या मुंबई इलाख्यातही लागू झाला. पारधी, कैकाडी, भामटा अशा जमातींतले मूल जन्माला आले की ते सरकारदरबारी गुन्हेगार. हजेरी लावायची, परवानगीशिवाय गाव सोडायचे नाही, काहींना काटेरी तारेच्या आत वसवले. सोलापूरची सेटलमेंट त्यातलीच. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा गेला आणि या जमाती विमुक्त झाल्या. तरी आजही गावात चोरी झाली की पहिली धाड पारध्याच्या पालावर पडते.

बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिप्रथेचे विध्वंसन' या भाषणातच रक्ताच्या शुद्धतेचे आणि वंशाचे कारण देऊन जातीचे समर्थन करणाऱ्यांना उत्तर दिले आहे. वर आपण पाहिलेला एकही अभ्यास जातीचा नाही. जुळी मुले, दत्तक मुले, सगळे अभ्यास एकेका माणसातल्या फरकाचे आहेत. त्यावरून कोणी एखाद्या जातीच्या रक्ताबद्दल बोलू लागला तर तो शास्त्र सांगत नाही.

हा नियम आपल्यालाही लागू आहे. जुलै २०१६ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातल्या कोपर्डीत, एका अल्पवयीन मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला. ती आपलीच लेक होती असे मानून त्या क्रौर्याचा निषेध करायला आपण कचरू नये. खर्ड्याच्या निकालानंतर सहाच दिवसांनी, २९ नोव्हेंबर २०१७ रोजी, नगरच्याच न्यायालयाने त्या प्रकरणात तिघांना फाशी सुनावली. आरोपी दलित असल्याचे पुढे आल्यावर काही लोकांनी बोट सगळ्या वस्त्यांकडे वळवले. काहींच्या गुन्ह्यासाठी सगळी वस्ती संशयात उभी राहिली. तेव्हा आपल्याला जे लागले, ते लक्षात ठेवू. खर्ड्याबद्दल बोलतानाही समोरच्या जातीचे रक्तच तसले, असे आपल्या तोंडून जाता कामा नये.

मग खर्ड्याचे उत्तर काय?

मावशींच्या प्रश्नाकडे परत येऊ. नितीनच्या मृत्यूला कायद्याने कोण जबाबदार, याचे उत्तर न्यायालयातून मिळालेले नाही. ज्यांच्यावर खटला चालला ते निर्दोष सुटले आहेत. आम्ही कोणा व्यक्तीविषयी बोलत नाही. जातीच्या रागातून घडणाऱ्या अशा गुन्ह्यांविषयी बोलतो.

अशा गुन्ह्यांना 'सायको' म्हणून मोकळे होऊ नये. शंभरात एखादा थंड काळजाचा माणूस असतो. पण जातीच्या हल्ल्यात पुष्कळदा दहा-वीस जण एकत्र येतात आणि बाकीचे गाव दार लावून घेते. एवढे सगळे सायकोपॅथ नसतात. ते घरी जाऊन आपल्या लेकराला मांडीवर घेतात, गाय आजारी पडली तर रात्रभर जागतात. त्यांचे काळीज चालू आहे. जातीने त्यांना शिकवले आहे की ते कोणासाठी हलू द्यायचे आणि कोणासाठी नाही.

अमेरिकेत येल विद्यापीठात स्टॅन्ली मिलग्राम यांनी १९६१ साली एक प्रयोग केला. साध्या, नोकरी-धंदा करणाऱ्या माणसांना सांगितले, दुसऱ्या खोलीतला माणूस चुकला की विजेचा झटका द्या. झटका खोटा होता, पण त्यांना ते माहीत नव्हते. पलीकडून ओरडण्याचा आवाज येत होता. चाळीसपैकी सव्वीस जण, 'पुढे चालू ठेवा' एवढ्या हुकमावर, शेवटच्या ४५० व्होल्टपर्यंत गेले. त्यातले अनेक जण घामाघूम झाले होते, थरथरत होते. म्हणजे त्यांचे काळीज हलत होते, तरी हात थांबला नाही.

जात हाही एक हुकूमच आहे, लहानपणापासून कानात घातलेला. त्याचे औषध डॉक्टरकडे नाही. ते कायद्यात आहे, साक्षीदाराला मिळणाऱ्या संरक्षणात आहे, शाळेत एका बाकावर बसण्यात आहे. क्रौर्याला आजार म्हटले की गाव सुटते, साक्ष फिरवणारा सुटतो, त्याला धाक घालणारा सुटतो. शिवाय खरोखर सायकोपॅथी असली तरी कायदा सूट देत नाही, कारण त्या माणसाला आपण काय करतो ते कळत असते.

आपल्या घरात काय पाहावे

आता घराकडे. अठरा वर्षांखालच्या मुलाला सायकोपॅथ म्हणायचे नसते. डॉक्टरही म्हणत नाहीत. लहान मूल खोटे बोलते, मुंगळा चिरडते, भावाला ढकलते, त्याने घाबरून जाऊ नये. जास्त चळवळे मूल, बापाच्या मरणानंतर गप्प झालेले मूल, स्वमग्न मूल, यांनाही लोक उगाच 'भावनाच नाहीत' म्हणतात. ते चूक आहे.

पण पुढच्या गोष्टी घरात आणि शाळेत, दोन्हीकडे, अनेक महिने सतत दिसत असतील तर सल्ला घ्यावा:

- कुत्र्या-मांजरांना किंवा लहान मुलांना मुद्दाम, पुन्हा पुन्हा इजा करणे आणि त्यात मजा वाटणे.
- कोणाला लागले, कोणी रडले, तरी चेहऱ्यावर काहीच न येणे.
- पकडले गेल्यावर अजिबात खंत नसणे, दोष कायम दुसऱ्यावर टाकणे.
- चोरी, आग लावणे, घरातून रात्री-बेरात्री निघून जाणे.
- मार, शिक्षा, उपास, कशाचाही परिणाम न होणे.

शेवटचा मुद्दा नीट वाचा. अशा मुलांवर शिक्षा चालत नाही, कारण भीतीची घंटाच हळू असते. आपण म्हणतो, ऐकत नाही, आणखी हाणा. त्याने फक्त आपला हात दुखतो आणि मूल मारायला शिकते. या मुलांवर चालते ते बक्षीस आणि माया. म्हणून घरी एवढे करावे:

- दिवसातून दहा मिनिटे का होईना, त्या मुलाबरोबर खाली बसून खेळावे. त्या वेळी उपदेश नाही, मोबाईल नाही.
- चांगले वागले की त्याच क्षणी सांगावे, "बहिणीला भाकरी दिलीस, मला बरं वाटलं." नेमके काय चांगले केले ते बोलावे.
- नियम थोडे ठेवावे, रोज तेच ठेवावे. आज सूट, उद्या फटके असे करू नये.
- चेहऱ्याकडे बघून बोलावे. "आजी का रडली असेल?" असे विचारत जावे. दुसऱ्याचे मन वाचणे अशा मुलाला शिकवावे लागते.
- त्याच्यासमोर आईवर हात उचलला जाऊ नये. घरातली दारू थांबवण्यासाठी मदत घ्यावी.
- "हा बापावरच गेलाय", "तुरुंगातच जाणार" हे शब्द घरातून हद्दपार करावे. मूल आपल्याला दिलेल्या नावासारखेच होऊ लागते.

मदत कुठे मिळेल? शाळा-अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे डॉक्टर तपासणीला येतात, त्यांना दाखवावे. आशाताईंना विचारून जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात जावे. १४४१६ हा टेली-मानसचा फोन रात्रंदिवस मोफत चालतो आणि मराठीत बोलता येते. मुलाला घरात किंवा बाहेर मारहाण, अत्याचार होत असेल तर १०९८ वर फोन करावा. मनाच्या डॉक्टरकडे जाणे म्हणजे वेडे ठरणे नव्हे.

उशीर झाला तरी

मूल सोळा-सतराचे झाले, पोलीस दारात येऊन गेले, आता काय उपयोग, असे वाटेल. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात मेंडोटा येथे अशाच हाताबाहेर गेलेल्या, हिंसक मुलांचे केंद्र आहे. इतर सुधारगृहांनी हात टेकलेली मुले तिथे येतात. तिथे शिक्षेवर भर नाही. रोजच्या चांगल्या वागण्याचे रोज बक्षीस, आणि माणसाशी माणसासारखे बोलणे. पुढची काही वर्षे तिथल्या १०१ मुलांची तुलना नेहमीच्या सुधारगृहातल्या मुलांशी केली. नेहमीच्या सुधारगृहातून सुटलेल्यांच्या हातून सोळा माणसे मेली. मेंडोटातून सुटलेल्यांपैकी एकानेही कोणाचा जीव घेतला नाही.

आपल्याला ही गोष्ट नवी वाटू नये. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात पतित आणि गुन्हेगार यांच्या धम्मदीक्षेचा स्वतंत्र भाग लिहिला आहे आणि त्यात अंगुलिमालाची कथा दिली आहे. माणसे मारणारा दरोडेखोर, राजाही ज्याला घाबरे. तथागतांनी त्याची जात विचारली नाही, त्याचे रक्त तपासले नाही. त्याने तलवार टाकली आणि तो भिक्खू झाला. माणूस जन्माने नीच होत नाही, कर्माने होतो, ही शिकवण आपण दर पौर्णिमेला ऐकतो. तिची दुसरी बाजू अशी की कर्म बदलता येते, आणि ते बदलायला लवकर हात दिला तर सोपे जाते.

नितीनच्या वयाची मुले आज आपल्या प्रत्येक वस्तीत आहेत. त्यांच्यावर कोणी हात उचलू नये यासाठी आपण कायद्याने लढतच राहू. आपल्या घरातले एकही मूल दुसऱ्याच्या लेकरावर हात उचलणारे होऊ नये, हे काम मात्र आज संध्याकाळपासून आपल्या चुलीजवळ सुरू करता येईल.